कागदावांचून वाचन

पुस्तक म्हणजे कागद, शाई आणि बांधणी, ही समजूत आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, या तिहींपैकीं एकहि वस्तु नसलेल्या पुस्तकाची गोष्ट कोणीं सांगितली तर प्रथम ती थट्टाच वाटावी. तथापि ही कल्पना कालपरवांची नव्हे. १९३० सालीं बॉब ब्राउन या अमेरिकन लेखकानें ‘द रेडीज’ नांवाची एक पुस्तिका काढून त्यांत वाचनयंत्राचा आराखडा मांडला होता. अतिशय बारीक अक्षरांत छापलेली लांबच लांब फीत, तिच्यावर एक भिंग, आणि ती फीत वाचकाच्या मर्जीप्रमाणें हळू अथवा जलद सरकविणारी विजेची मोटर, असें त्या यंत्राचें स्वरूप होतें. बोलपट तेव्हां नुकतेच सुरू झाले होते. चित्रांना वाणी फुटली, मग अक्षरांनींच काय म्हणून जागच्या जागीं बसून राहावें, असा एकंदर त्याचा रोख होता. पुढें १९४५ च्या जुलै महिन्यांत व्हॅनिव्हर बुश या शास्त्रज्ञानें ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत ‘मेमेक्स’ नांवाच्या एका मेजाचें वर्णन केलें. मेजाच्या पोटांत सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें सगळा ग्रंथसंग्रह सांठविलेला असावा आणि वर बसविलेल्या कांचेवर हवें तें पान क्षणांत उमटावें, ही त्याची योजना. हीं दोन्ही यंत्रें बाजारांत कधींच आलीं नाहींत. परंतु पुढच्या साठ-सत्तर वर्षांत जें घडलें त्याचीं बीजें या दोघांच्या लिखाणांत सांपडतात.

यंत्र येण्यापूर्वीं ग्रंथ आले, हा या इतिहासांतील मौजेचा भाग आहे. १९७१ सालच्या ४ जुलै रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, इलिनॉय विद्यापीठांत मायकेल हार्ट या तरुणानें तेथील मोठ्या संगणकांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतःच्या हातानें टंकित करून ठेवला. त्या यंत्राला रोमन लिपीचीं मोठीं अक्षरें तेवढीं ठाऊक होतीं, म्हणून सारा जाहीरनामा मोठ्या अक्षरांत! यांतूनच ‘प्रॉजेक्ट गटेनबर्ग’ हा उपक्रम जन्मास आला. ज्या ग्रंथांवर कोणाचा मालकीहक्क उरलेला नाहीं, ते टंकित करून सर्वांस फुकट द्यावयाचे, हें त्याचें व्रत. काम किती चिकाटीचें होतें हें पाहावयाचें असेल, तर एवढेंच सांगतों कीं, शंभरावा ग्रंथ, म्हणजे शेक्सपिअरचें समग्र वाङ्मय, बाहेर पडण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. ग्रंथ तयार होऊं लागले, पण ते वाचावयाचे कोठें? संगणकाच्या मेजासमोर ताठ बसून कादंबरी वाचणारा मनुष्य विरळा. कादंबरी ही लोडाला टेकून, आरामखुर्चींत पडून, नाहीं तर आगगाडीच्या खिडकीशीं बसून वाचण्याची वस्तु आहे. १९९० सालीं सोनी कंपनीनें जपानांत ‘डेटा डिस्कमॅन’ नांवाचें हातांत मावणारें यंत्र काढलें. आठ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडींत सुमारें २०० मेगाबाइट मजकूर बसे. कोशांच्या तबकड्यांना तेथें गिऱ्हाईक मिळालें. परंतु लहानशा पडद्यावर शब्दाचा अर्थ शोधणें निराळें आणि चारशें पानांची कथा वाचणें निराळें.

केवळ वाचनासाठींच घडविलेलीं यंत्रें १९९८ सालीं आलीं, आणि तींहि एकदम दोन. कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग या दोघांनीं ‘न्यूव्होमीडिया’ नांवाची कंपनी स्थापून ‘रॉकेट ईबुक’ तयार केलें. तेथून जवळच मेन्लो पार्क येथें ‘सॉफ्टबुक प्रेस’ या कंपनीनें ‘सॉफ्टबुक’ बनविलें. सॉफ्टबुकचा थाट श्रीमंती होता. त्याला चामड्याचें वेष्टण होतें आणि तें उघडतांच पडदा जागा होई. दूरध्वनीची तार थेट यंत्रालाच जोडण्याची सोय असल्यामुळें घरीं संगणक नसला तरी अडत नसे. पण वजन जवळजवळ १.३ किलोग्रॅम! एखादा जाडजूड शब्दकोश छातीवर घेऊन निजावें, तसा तो प्रकार.

रॉकेट त्या मानानें पुष्कळच सुटसुटीत होतें. किंमत प्रथम ४९९ डॉलर, वजन सुमारें सव्वासहाशें ग्रॅम, पडदा साडेचार इंच लांब आणि तीन इंच रुंद. त्याच्या एका कडेला मुद्दाम फुगवटा ठेवलेला होता. कागदी वेष्टणाचें पुस्तक वाचतांना आपण वाचून झालेलीं पानें मागें दुमडून तें एका मुठींत धरतों, तशीच मूठ या फुगवट्यावर बसे. ज्याला डाव्या हातानें धरण्याची संवय असेल त्यानें यंत्र फिरवावें आणि पडद्यावरील मजकूरहि त्याबरोबर फिरवून घ्यावा, हीहि सोय होती. अंगठ्याखालीं दोन कळा. एकीनें पान पुढें जाई, दुसरीनें मागें. एखाद्या शब्दावर लेखणी टेकवली कीं यंत्रांतच असलेल्या कोशांतून त्याचा अर्थ दिसे. ओळीखालीं रेघ ओढतां येई, टीप लिहितां येई, अक्षर मोठें करून घेतां येई. मूळच्या यंत्रांत साधारणपणें दहा कादंबऱ्या मावत. आजच्या हिशेबानें ही संख्या क्षुल्लक वाटेल. पण प्रवासाला निघतांना ट्रंकेंत दहा कादंबऱ्या भरून जो कोणी हमालाशीं घासाघीस करीत उभा राहिला असेल, त्याला ती क्षुल्लक वाटणार नाहीं.

यंत्र बनविणारांनीं ज्या गुणाचा गाजावाजा केला तो साठवणुकीचा. वाचकांना आवडलेला गुण मात्र वेगळाच होता, आणि तो म्हणजे दिवा. पडद्याच्या पाठीमागून मंद उजेड येत असल्यामुळें रात्रीं खोलींतील दिवा मालवूनहि वाचतां येऊं लागलें. शेजारीं निजलेल्या माणसाची झोंप न मोडतां रात्रीं दोन वाजेपर्यंत कादंबरी वाचण्याचें सुख कंदिलाखालीं वाचलेल्या पिढ्यांना कधीं मिळालें नव्हतें. मात्र त्याच पडद्यावर भर दुपारीं अंगणांत ऊन पडलें कीं अक्षरें फिकीं होऊन जात. म्हणजे कागदाच्या पुस्तकाचा नियम येथें अगदीं उलटा झाला होता.

आणखी एक उणीव होती, आणि ती अक्षरांचीच होती. रॉकेटच्या पडद्यावर एका इंचांत सुमारें १०५ ठिपके बसत. छापखान्यांतील चांगल्या छपाईला इंचाला हजारांवर ठिपक्यांची बारकाई असते. एवढ्याशा ठिपक्यांत अक्षराचीं वळणें घडवावयाचीं म्हणजे भरतकामाच्या जाळीवर मोराची मान काढण्यासारखें. जेथें गोलाई पाहिजे तेथें पायऱ्या दिसतात. दहा-वीस पानें डोळा हें सहन करतो, मग कंटाळतो. पहिल्या पिढीच्या वाचकांना ‘वाचतां येतें, पण थकवा येतो’ असें जें वाटे, त्याचें मुख्य कारण हें होतें.

पुस्तक मिळविण्याची रीतहि सरळ नव्हती. आधीं घरच्या संगणकावरून दुकानाशीं संधान बांधावयाचें, पैसे भरावयाचे, पुस्तक संगणकांत उतरवून घ्यावयाचें, मग तारेनें जोडलेल्या बैठकीवर यंत्र ठेवून तें त्यांत भरावयाचें. शिवाय विकत घेतलेलें पुस्तक ज्या यंत्रासाठीं घेतलें त्याच यंत्रांत उघडे. त्याला तसें कुलूपच घातलेलें असे. मित्राला वाचावयास द्यावें म्हटलें तर सबंध यंत्रच द्यावें लागे. प्रकाशकांना चोरीची धास्ती होती, आणि ती निराधार होती असें मी म्हणणार नाहीं. परंतु मालकीचा जो प्रश्न पुढें दहा वर्षांनीं चव्हाट्यावर आला, त्याचें मूळ या कुलुपांत आहे, हें ध्यानांत ठेवावयास हवें.

२००० सालीं या धंद्याला मोठी भरती आली. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं स्टीफन किंग या लोकप्रिय कादंबरीकाराची ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा केवळ विद्युत्-रूपानें प्रसिद्ध झाली आणि पहिल्या चोवीस तासांत तिला चार लाखांवर मागण्या आल्या. छापील पुस्तकाचे दिवस भरले, अशीं भाकितें सुरू झालीं. त्या चार लाखांतील बहुतेकांनीं ती कथा वाचनयंत्रावर वाचली नसून साध्या संगणकावर वाचली होती, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्याच वर्षाच्या आरंभीं ‘जेमस्टार’ या कंपनीनें रॉकेट आणि सॉफ्टबुक या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या व नवीं यंत्रें काढलीं. पण खप वाढेना. पुस्तकें थोडीं, त्यांच्या किंमती छापील पुस्तकांच्या बरोबरीच्या, आणि यंत्र महाग. २००३ सालीं जेमस्टारनें यंत्रांची आणि पाठोपाठ पुस्तकांची विक्री बंद केली. ‘बार्न्स अँड नोबल’ या मोठ्या पुस्तकविक्रेत्यानेंहि त्याच वर्षीं विद्युत्-पुस्तकांचें खातें गुंडाळलें. ज्यांनीं पांच वर्षांत जमविलेला संग्रह या यंत्रांत होता, त्यांच्या संग्रहाचें आयुष्य आतां त्या एका यंत्राच्या आयुष्याएवढेंच उरलें. पुस्तकाला वाळवी लागते हें आपणांस ठाऊक होतें. पुस्तकाला कुलूप घालणाराच धंदा सोडून जातो, हा अनुभव नवा होता. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, रॉकेट बनविणाऱ्या एबरहार्ड आणि टारपेनिंग यांनीं त्याच २००३ सालीं विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांची एक कंपनी काढली. तिचें नांव ‘टेस्ला’. पुस्तकांपेक्षां मोटारींत त्यांचें बरें चाललें.

आतां इतिहास कॅलिफोर्निया सोडून बोस्टनकडे वळतो. दिव्याच्या पडद्यावर अक्षर कितीहि सुधारलें तरी तें कागदासारखें दिसणार नाहीं, कारण कागद स्वतः उजळत नाहीं; त्याच्यावर पडलेला उजेड तो परत पाठवितो. असाच उजेड परतविणारा पडदा करतां येईल काय, या प्रश्नावर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेंत निक शेरिडन यांनीं १९७० नंतरच्या दशकांतच काम केलें होतें. अर्धे काळे आणि अर्धे पांढरे असे बारीक मणी विजेच्या जोरानें फिरवावयाचे, ही त्यांची युक्ति. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंतील जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी जे. डी. अल्बर्ट व बॅरेट कॉमिस्की यांनीं निराळी वाट काढली. त्यांच्या प्रयोगाचा वृत्तांत १९९८ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत आला, आणि तत्पूर्वीं १९९७ सालीं ‘ई इंक’ नांवाची कंपनीहि निघाली होती.

ही विद्युत्-शाई म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. केंसाच्या जाडीएवढ्या व्यासाच्या लाखों पारदर्शक कुप्या एका पातळ पत्र्यावर पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपींत स्वच्छ तेलासारखा द्रव आणि त्यांत तरंगणारे पांढरे व काळे कण. पांढऱ्या कणांवर एका जातीचा विद्युद्भार, काळ्यांवर त्याच्या उलट जातीचा. खालून विजेचा एक झटका दिला कीं पांढरे कण वर येऊन तेवढी जागा पांढरी दिसते. उलट झटका दिला कीं काळे वर येतात. खरी मौज पुढेंच आहे. एकदां वर आलेले कण वीज बंद केली तरी जागच्या जागीं राहतात. म्हणून पान पालटतांना तेवढी वीज खर्च होते. पान वाचीत असतां कांहींच होत नाहीं. त्यामुळें या यंत्रांची बॅटरी किती तास चालते असें न मोजतां किती पानें चालते असें मोजूं लागले. वाचनाचें माप घड्याळावर न ठेवतां पानांवर ठेवणारें हें पहिलेंच यंत्र असावें, आणि मला तरी ही गोष्ट फार समर्पक वाटते.

असा पडदा घेऊन बाजारांत आलेलें पहिलें वाचनयंत्र म्हणजे सोनीचें ‘लिब्रिए’. २००४ सालच्या एप्रिलांत तें जपानांत विकावयास आलें. पडदा सहा इंची, ठिपके इंचाला सुमारें १७०, किंमत चाळीस हजार येनांच्या आसपास. बाजारांत मिळणाऱ्या चार लहान बॅटऱ्यांवर सुमारें दहा हजार पानें वाचून होत. उन्हांत नेलें कीं अक्षरें अधिकच ठसठशीत होत. अंधारांत मात्र कांहीं दिसत नसे. सहा वर्षांपूर्वीं रॉकेटनें दिलेलें रात्रीचें सुख येथें पुन्हां हिरावलें गेलें आणि वाचक परत दिव्याखालीं आला. दुसरी गोष्ट पान पालटण्याची. कळ दाबली कीं सारा पडदा एकदम काळा होई, लगेच उलटा होई, आणि मग नवें पान उमटे. पूर्वींच्या अक्षरांची पुसट सांवली मागें राहूं नये म्हणून ही झाडलोट करावी लागे. प्रथम पाहणाराला ती उघडझांप चमत्कारिक वाटे. पन्नास पानांनंतर ती दिसेनाशी होई, जशी आगगाडींत चाकांची खडखड ऐकूं येईनाशी होते.

एवढें सुंदर यंत्र, पण तें बुडालें, आणि बुडालें तें यंत्रांतील दोषानें नव्हे. जपानी प्रकाशकांच्या आग्रहामुळें त्यावरचीं पुस्तकें विकत मिळतच नसत. तीं साठ दिवसांच्या बोलीनें मिळत. एकसष्टाव्या दिवशीं पुस्तक उघडेनासें होई. वाचनालयाचें पुस्तक परत करावें लागतें हें कोणालाहि मान्य आहे, परंतु वाचनालय पुस्तकाची किंमत घेत नाहीं. अर्धवट राहिलेली कादंबरी पुढच्या वर्षीं सुटींत पुरी करूं, लग्नांत आंदण आलेला ग्रंथ म्हातारपणीं वाचूं, हे जे आपले वाचकांचे लांबणीवर टाकलेले संकल्प असतात, त्यांना या व्यवस्थेंत जागाच नव्हती. त्याच जपानांत त्याच सुमारास तरुण मुली आगगाडींत उभ्या राहून साध्या मोबाइल दूरध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर कादंबऱ्या वाचीत होत्या, लिहीतहि होत्या. आणि २००७ सालीं तेथें सर्वाधिक खपलेल्या दहा कादंबऱ्यांपैकीं पांच अशा मोबाइलवर जन्मलेल्या होत्या. कागदासारखा पडदा हरला आणि डोळे ताणावयास लावणारा पडदा जिंकला! वाचक सोयीपेक्षां मोकळेपणा अधिक पाहतो, एवढाच अर्थ मी यांतून काढतों.

अमेरिकेंत ॲमेझॉन कंपनीचें ‘किंडल’ २००७ सालच्या १९ नोव्हेंबर रोजीं प्रसिद्ध झालें. त्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून मी येथें रेंगाळत नाहीं. किंमत ३९९ डॉलर. पहिला सांठा साडेपांच तासांत संपला आणि पुढें कित्येक महिने यंत्र मिळेना. त्याचें खरें नवेपण पडद्यांत नव्हतें, तें बिनतारी जोडणींत होतें. पुस्तकाचें नांव आठवल्यापासून एका मिनिटांत पुस्तक हातांत, आणि त्या जोडणीचा वेगळा आकार नाहीं. रूप मात्र बेढब. दोन्ही कडांना पान पालटण्याच्या इतक्या लांबरुंद कळा कीं, यंत्र उचलावें कोठें धरून हाच प्रश्न. हात लागला कीं पान पुढें. छापील पृष्ठांक त्यांत नव्हते. अक्षर लहानमोठें केलें कीं पान बदलतें, म्हणून ‘स्थान’ या नांवाचे हजारोंच्या घरांतले आंकडे दिलेले असत. ‘एकशें बाराव्या पानावर पाहा’ असें मित्राला सांगण्याची सोय राहिली नाहीं. छापील आवृत्तीचे पृष्ठांक देण्यास २०११ सालीं आरंभ झाला.

पृष्ठांकांपेक्षांहि खोल असें कांहीं हरवलें असावें. छापील पुस्तक वाचतांना डाव्या हातांत वाचलेलें वाढत जातें, उजव्या हातांतलें कमी होत जातें, आणि गोष्ट कोठवर आली हें बोटांना कळत असतें. ॲन मॅंगेन या संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत पन्नास वाचकांना एकच दीर्घकथा दिली होती, निम्म्यांना कागदावर आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक प्रश्नांच्या उत्तरांत दोन्ही गट सारखेच ठरले. परंतु कोणती घटना आधीं घडली आणि कोणती नंतर, हें सांगण्यांत किंडलवर वाचणारे मागें पडले. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभारूं नये. तरीपण बोटांच्या स्मृतीविषयीं जुन्या वाचकांचा जो कयास होता, त्याला हा थोडा आधार आहे.

आतां मालकीचा प्रश्न. २००९ च्या जुलै महिन्यांत कित्येक अमेरिकन वाचकांच्या किंडलमधून एक-दोन पुस्तकें एकाएकीं नाहींशीं झालीं. ज्या प्रकाशकानें तीं विक्रीस ठेविलीं होतीं त्याला तसा हक्क नव्हता असें आढळून आल्यावर कंपनीनें तीं दुरूनच पुसून टाकलीं व वाचकांचे पैसे परत केले. तीं पुस्तकें होतीं जॉर्ज ऑर्वेल याचीं ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’. पहिल्या कादंबरींतील सरकार नको असलेला कागद भिंतींतील भोंकांत टाकून जाळून टाकतें. हा योगायोग एखाद्या नाटककारानें रचला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटलें असतें. मिशिगनमधील एका शाळकरी मुलानें ‘१९८४’ च्या अभ्यासासाठीं यंत्रांत टिपा लिहिल्या होत्या; पुस्तक गेलें आणि त्या टिपा कशाविषयीं होत्या हेंच कळेनासें झालें. त्यानें दावा लावला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनीं उघड माफी मागितली, पुस्तकें टिपांसह परत देऊं केलीं, आणि ठराविक अपवाद वगळतां यापुढें असें न करण्याचें कबूल केलें. पैसे परत मिळाले होते, हें खरें. पण दुकानदारानें रात्रीं आपल्या कपाटांतून पुस्तक उचलून तेथें पैसे ठेवून जावें, हें आपण चालवून घेतों काय? घरांत येण्याची किल्ली त्याच्यापाशीं आहे, ही गोष्ट त्या महिन्यांत लोकांना प्रथम कळली. पुढें २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें पुस्तकांचें दुकान बंद केलें, तेव्हांहि पैसे परत मिळाले आणि पुस्तकें गेलीं.

याच २००९ सालीं दुसरा एक वाद झाला. त्याची हकीकत कमी लोकांना ठाऊक आहे, मला मात्र ती अधिक महत्त्वाची वाटते. फेब्रुवारींत निघालेल्या दुसऱ्या किंडलला वाचून दाखविण्याची शक्ति दिलेली होती. आवाज यांत्रिक होता, पण कोणतेंहि पुस्तक तो मोठ्यानें वाचून दाखवी. छापील अक्षराला पारख्या झालेल्या माणसाला याचा अर्थ काय, हें सांगावयास नको. पूर्वीं एखादें पुस्तक त्याला ब्रेल लिपींत अथवा कोणी ध्वनिमुद्रित करून देईपर्यंत थांबावें लागे, आणि बहुतेक पुस्तकांच्या बाबतींत तें थांबणें कधींच संपत नसे. अमेरिकेंतील लेखकांच्या संघानें हरकत घेतली कीं, पुस्तक वाचून दाखविण्याचा हक्क वेगळा विकावयाचा असतो. कंपनीनें माघार घेऊन ही सोय ठेवावी कीं बंद करावी हें प्रकाशकांवर सोंपविलें. तेव्हां एप्रिल महिन्यांत अंध नागरिकांनीं न्यूयॉर्कमध्यें त्या संघाच्या कचेरीपुढें निदर्शनें केलीं. ते फुकट पुस्तकें मागत नव्हते. विकत घेऊं द्या एवढेंच मागत होते. त्या सुमारास कांहीं विद्यापीठांनीं मोठ्या आकाराचें किंडल विद्यार्थ्यांना देऊन पाहण्याचें ठरविलें. पण पुस्तक बोलत असलें तरी पुस्तकापर्यंत पोंचविणारी यादी मुकी होती. ती डोळ्यांनींच वाचावी लागे. त्यावरून अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनें ॲरिझोना स्टेट विद्यापीठावर दावा लावला आणि २०१० सालच्या आरंभीं तडजोड झाली. पुढच्या यंत्रांत यादीहि बोलूं लागली. अक्षर मोठें करण्याची सोय आणि हा आवाज, या दोन गोष्टींनीं ज्यांचें वाचन सुटलें होतें त्यांना तें परत दिलें. वाचनयंत्रांच्या जमाखर्चांत ही बाजू पुष्कळदां मांडलीच जात नाहीं.

आपल्या लिपीविषयीं दोन शब्द बोलून पुरें करतों. २००९ च्या अखेरीस किंडल हिंदुस्थानांत मागवितां येऊं लागलें, तरी मराठी वाचकाच्या उपयोगाचें तें लगेच झालें नाहीं. त्याचें कारण आपल्या जोडाक्षरांत आणि वेलांट्यांत आहे. ‘किती’ हा शब्द घ्या. त्यांतील पहिली वेलांटी उच्चाराप्रमाणें ‘क’ च्या मागून येते, पण कागदावर ती ‘क’ च्या आधीं लिहावी लागते. ही जागांची अदलाबदल यंत्राला शिकवावी लागते. न शिकविलेलें यंत्र वेलांटी भलत्याच ठिकाणीं बसवितें, जोडाक्षरें फोडून पाय मोडतें. शिवाय आपलीं बहुतेक पुस्तकें छापखान्यांतील संगणकांवर अशा अक्षरसंचांत जुळविलेलीं होतीं कीं, ज्यांत देवनागरी अक्षर दिसतें पण आंत सांकेतिक आंकडा रोमन अक्षराचा असतो. असा मजकूर वाचनयंत्रांत घातला तर कादंबरीच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी दिसे. देवनागरीला जागतिक युनिकोड संकेतांत १९९१ पासून स्थान आहे, परंतु छापखान्यांनीं तो संकेत स्वीकारण्यास फार वर्षें लावलीं.

मग वाचक काय करीत? छापील पानाचें छायाचित्र घेऊन तेंच यंत्रांत घालीत. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत मराठींत शिळाछाप आणि खिळेछाप अशा दोन रीती शेजारीं शेजारीं नांदत होत्या. शिळाछापांत सबंध पान म्हणजे एक चित्र, त्यांतील अक्षर सुटें होत नाहीं. खिळेछापांत प्रत्येक अक्षर मोकळें, हवें तसें जुळवावें. देवनागरीच्या वेलांट्या, मात्रा आणि रफार शिशांत सुबक बसविण्यासाठीं मुंबईंत टॉमस ग्रॅहम आणि पुढें निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांना किती खटपट करावी लागली, हें मुद्रणाच्या इतिहासांत नमूद आहे. छायाचित्राचें पुस्तक म्हणजे नव्या यंत्रांतली शिळाछापच. सहा इंची पडद्यावर डेमी आकाराचें पान आणलें कीं अक्षर मुंगीएवढें होतें; तें वाढवावें तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडे ओढावें लागतें. मीं अशा रीतीनें एक जुनें चरित्र वाचावयास घेतलें होतें. चाळीस पानांनंतर तें मिटून वाचनालयाची वाट धरली.

२०१६ च्या डिसेंबरांत किंडलवर मराठीसह पांच भारतीय भाषांतील पुस्तकें रीतसर मिळूं लागलीं आणि ‘किती’ मधील वेलांटी आपल्या जागेवर बसली. नवीं पुस्तकें त्यांत येत गेलीं. जुन्या ग्रंथांपैकीं पुष्कळ मात्र निरनिराळ्या संग्रहांत अद्याप छायाचित्रांच्याच रूपांत आहेत. त्यांतील मजकूर अक्षरशः टंकित करून, मुद्रितें तपासून, मोकळा करावयाचा म्हणजे मायकेल हार्टनें १९७१ सालीं आरंभिलेलें काम मराठीसाठीं करावयाचें आहे. कांहीं उत्साही मंडळी घरोघरीं बसून तें करीत आहेत.